आधी पंखा बंद करा

घरबसल्या पॉडकास्ट करायचं विक्रोळीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर डेव्हलपरने मनावर घेतलं, की आपलं घर किती बोलकं आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं. एका अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि मधून मध्य रेल्वे. लोकलची कानाला सवय झालेली असते, पण लांब पल्ल्याची गाडी स्टेशनात न थांबता हॉर्न देत निघून जाते तेव्हा वाक्य अर्ध्यात सोडावं लागतं. कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, त्यांचे ब्रेकर दिवसभर चालू असतात. पार्कसाइटच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हणारी रिक्षा वेगळीच. घरात कुकर आहे, आणि त्याच्या शिट्ट्यांची वेळ घरच्यांशी बोलूनच ठरवावी लागते.

तरी रेकॉर्डिंग होतं. मुंबईच्या उपनगरांत असे स्टुडिओ आता नवलाचे राहिलेले नाहीत. स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा झोपायचीच खोली: टेबल, लॅपटॉप, माइकचा हात, दाराला आतून लटकवलेली गोधडी. २०२०च्या टाळेबंदीत ऑफिसची मीटिंग घरात आली, तिच्यामागून बरा माइक आला आणि माइक आला म्हणून पॉडकास्ट सुचला, असा अनेकांचा क्रम आहे. विषय बहुधा कामातलेच. एखादी प्रोग्रामिंग भाषा, नोकरीच्या मुलाखती, ओपन सोर्स, सर्व्हर कोसळल्याच्या रात्रीच्या कहाण्या.

खर्च मात्र जवळपास सगळे उलट्या क्रमाने करतात. आधी महागडा माइक, मग इंटरफेस, मग हेडफोन, आणि सरतेशेवटी खोलीकडे लक्ष. खरं तर पहिली सुधारणा फुकट आहे: पंखा बंद करणं. छताच्या पंख्याचा नुसता आवाजच नडत नाही, त्याचा वारा थेट माइकच्या जाळीवर येतो. मे महिन्यात पंखा बंद करून मुंबईत किती वेळ नीट बोलता येतं, हे मुंबईकराला सांगायला नको. त्यामुळे पॉडकास्टचा भाग घरी बहुधा तुकड्यातुकड्यांनी होतो. थोडं बोला, पंखा लावा, पाणी प्या, पुन्हा बोला. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तेव्हा मागची घरघर बदलते आणि जोडलेल्या तुकड्यांतला सांधा ऐकणाऱ्याला कळतो.

मग येते खोली. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ३.०५ मीटर गुणिले ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिले अनुनाद अनुक्रमे ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास बसतात. ते आवाजाच्या खाली असल्याने फारसे त्रास देत नाहीत. त्यांची दुप्पट, म्हणजे ११२ आणि ९४ हर्ट्झ, ही खरी डोकेदुखी, कारण पुरुषी आवाजाचा मूळ स्वर याच टप्प्यात असतो. काही अक्षरं अचानक घुमतात आणि माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. हा दोष माइक बदलून जात नाही. खोलीच्या अगदी मध्यावरून टेबल हलवलं, भिंतीकडे तोंड करून बसणं टाळलं आणि कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, तर बराच फरक पडतो.

गोधडी मात्र सगळं सोडवत नाही. ती वरच्या पट्टीतला झणझणाट खाते. खालची घुम तिला दाद देत नाही, कारण ११२ हर्ट्झची लहर तीन मीटर लांब असते आणि दोन बोटं जाडीच्या कापडाला ती मोजत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांना तर गोधडीचाही फायदा मिळत नाही. ती इंटरनेटवरची अफवा आहे, आणि तिने बऱ्याच भाड्याच्या भिंतींचा रंग घालवला आहे.

माइक तोंडाजवळ घेणं हा खोलीच्या घुमण्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोलीचा प्रतिध्वनी आहे तेवढाच राहतो. गायकांच्या हातात दिसणारा शुअरचा एसएम५८ हा माइक १९६६पासून बाजारात आहे आणि गोंगाटाच्या खोलीत आजही उपयोगी पडतो, तो एवढ्यासाठीच की तोंड त्याला चिकटवूनच बोलावं लागतं. पण जवळ गेलं की मराठी भाषा आपला हिसका दाखवते. भ, फ, ठ, ख म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्’ होतं. ‘चमचा’ किंवा ‘जाऊ’मधली दंतमूळीय अक्षरं शिट्टीसारखी टोचतात. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या रेषेत थोडा तिरका ठेवला, की दोन्ही त्रास कमी होतात.

डेव्हलपर मंडळींचा खास स्वतःचा असाही एक शत्रू आहे: त्यांचा लाडका मेकॅनिकल कीबोर्ड. बोलता बोलता नोंद करायची सवय असते आणि प्रत्येक कळ माइकपर्यंत पोचते. विक्रोळी म्हटलं की गोदरेज आठवतं, आणि गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला होता. कळांचा खडखडाट म्हणजे कामाची खूण, असे ते दिवस. त्याच उपनगरात आता रबराच्या मऊ कळांचा कीबोर्ड रेकॉर्डिंगपुरता वेगळा ठेवावा लागतो.

मुंबईच्या फ्लॅटमधून लोकांसाठी बोलणं ही गोष्ट पॉडकास्टपेक्षा खूप जुनी आहे. ‘छोडो भारत’ चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ला, ४२.३४ मीटरवर त्याचं पहिलं प्रक्षेपण झालं. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सतत बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत हा उद्योग टिकला. आजच्या घरच्या स्टुडिओला पोलिसांपासून लपावं लागत नाही, लपावं लागतं ते शेजारच्या ड्रिल मशीनपासून. पण बोलणाऱ्याची जागा वेगळी आणि आवाज लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा वेगळी ठेवण्याची सोय त्या मंडळींनीही पुढे केली होती. पॉडकास्टचा सांगाडा तोच आहे.

या सांगाड्यातली नेणारी यंत्रणा एका डेव्हलपरने बनवली. डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रामरने २०००च्या अखेरीस संकेतस्थळावरच्या नव्या नोंदी वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या आरएसएस या मांडणीत ‘एन्क्लोजर’ नावाचा एक घटक घातला. बातमीच्या नोंदीला ध्वनिफाइलचा पत्ता जोडायचा, एवढंच त्याचं काम. अॅडम करी या रेडिओ-टीव्हीतल्या माणसाने तो प्रकार उचलून धरला, बेन हॅमर्सलीने २००४च्या फेब्रुवारीत ‘द गार्डियन’मध्ये ‘पॉडकास्टिंग’ हे नाव सुचवलं आणि अॅपलने २००५च्या जूनमध्ये आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. त्याच २००५मध्ये आदित्य म्हात्रे आणि अभिषेक कुमार या दोन मित्रांनी ‘द इंडिकास्ट’ सुरू केला. भारतातल्या सुरुवातीच्या पॉडकास्टमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. स्मार्टफोन हातोहाती यायला तेव्हा बरीच वर्षं होती. भाग संगणकावर उतरवून घ्यायचा आणि वायरने आयपॉडमध्ये भरायचा, इतका खटाटोप करणारे श्रोते त्यांना मिळाले.

एन्क्लोजरची ती ओळ अजून बदललेली नाही. भाग कुठल्याही सर्व्हरवर ठेवा, ओळ नीट लिहा, जगातलं कुठलंही अॅप तो उचलेल. डेव्हलपरांना हे माध्यम भावलं त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे. सेकंदाला ६४ किलोबिटने दाबलेली एकाच वाहिनीची तासाभराची एमपी३ फाइल साधारण २९ मेगाबाइट भरते, म्हणजे स्वतःचा सर्व्हर चालवणंही परवडतं.

घरच्या स्टुडिओत नेमकं काय कमी पडतं हे बघायचं, तर पार्कसाइटची टेकडी ओलांडून पवईला जावं. तिथे आयआयटी मुंबईत ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नावाचा प्रकल्प चालतो. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला आणि केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला पैसा मिळाला. रूढ अर्थाने हा पॉडकास्ट नव्हे. संगणकाचा पडदा दिसतो आणि एक आवाज पायरी-पायरीने सांगत जातो. लांबी साधारण दहा मिनिटं. विषय ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे: लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, लाटेक, गिंप, ब्लेंडर, सी, जावा. कोणीही वाटावे, सुधारावे अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली.

कल्पना साधी असली तरी तिच्यामागे बराच हट्ट आहे. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचं आणि जे दिसतंय ते थांबत थांबत स्वतः करायचं. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरलेलं. ज्या कॉलेजात इंटरनेट रडतखडत चालायचं तिथे हेच व्हिडिओ सीडीवरून, पुढे पेन ड्राइव्हवरून गेले. देशभरातल्या लाखो विद्यार्थ्यांनी या पद्धतीने प्रशिक्षण घेतलं आहे.

या प्रकल्पात वाखाणण्याजोगा आहे तो रेकॉर्डिंगच्या आधीचा भाग. माइक चालू होण्यापूर्वी संहिता तयार होते, आणि ती दोन रकान्यांत असते. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे आवाज काय म्हणणार. ही संहिता मग नवख्याकडे जाते. हा नवखा मुद्दाम विषय न जाणणारा निवडलेला असतो. त्याने फक्त लिहिलेलं वाचून काम करून पाहायचं. जिथे तो अडेल तिथे दोष संहितेचा. त्यानंतर विषयाचा जाणकार तपासतो, आणि मगच रेकॉर्डिंग. झालेला व्हिडिओ पुन्हा तपासणीतून जातो.

सॉफ्टवेअरच्या कारखान्यात वावरणाऱ्याला हे अनोळखी नाही. आपला कोड सहकाऱ्याने वाचल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, हा त्याचा रोजचा नियम आहे. गंमत अशी, की हाच माणूस घरी पॉडकास्ट करायला बसला की नियम बाहेर ठेवून येतो. दोन मित्र, दोन माइक, ‘चल सुरू करू’. तासाभराने ऐकणाऱ्याला कळत नाही की ज्या लायब्ररीबद्दल वीस मिनिटं चाललंय ती करते तरी काय. घरच्या स्टुडिओची उणीव माइकची नसते, नवख्याची असते. भाग प्रसिद्ध व्हायच्या आधी तो ऐकून ‘इथे मी हरलो’ असं सांगणारं घरातलं किंवा शेजारचं एखादं माणूस हजारो रुपयांच्या उपकरणापेक्षा जास्त काम करून जातं.

पवईच्या प्रकल्पात भाषांचं काम आणखी अवघड. मूळ व्हिडिओ इंग्रजी निवेदनाचा. नंतर फक्त आवाज बदलून तो भारतीय भाषांत उतरतो, मराठीत सुद्धा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच राहतं. त्यामागचा विचार व्यवहारी आहे: उद्या नोकरीच्या जागी पडदा इंग्रजीच असणार, तेव्हा समजून घ्यायची भाषा आपली असावी आणि मेनूची नावं ओळखीची व्हावीत. यावर मतभेद होऊ शकतात. मेनूसकट सगळं मराठीत असावं, असं म्हणणारी मंडळीही मुंबईतच होती. २०००च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेला ‘इंडलिनक्स’ प्रकल्प लिनक्सचे पडदेच भारतीय भाषांत आणण्यासाठी होता. दोन्ही वाटांनी काम झालं, आणि पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या पोरापोरींना पवईची वाट जास्त उपयोगी पडली, असं म्हणायला हरकत नाही.

डबिंगसाठी संहितेत वेळेचा रकाना येतो. कोणतं वाक्य कोणत्या सेकंदाला सुरू झालं पाहिजे हे त्यात लिहिलेलं असतं, कारण माउस पडद्यावर हलायचा तेव्हाच हलतो, मराठीसाठी तो थांबत नाही. मराठी वाक्य लांबलं, की डबिंग करणाऱ्याला दोनच मार्ग: भरभर बोलणं किंवा वाक्य कापणं. भरभर बोललं तर शिकणारा मागे पडतो, म्हणून कापणंच बरं. ‘आता आपण या ठिकाणी फाईल या मेनूवर क्लिक करणार आहोत’ यातलं काय काय गाळता येतं हे पाहिलं, तर शेवटी ‘फाईलवर क्लिक करा’ एवढंच उरतं. रेडिओवरच्या भारदस्त निवेदनाची ज्यांना सवय आहे त्यांना हे कोरडं वाटेल. पण शिकणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, त्याला तेवढंच हवं असतं.

ज्या साधनांनी हे होतं ती घरच्या स्टुडिओतही असतात. आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात ती लिहायला घेतली आणि २०००मध्ये ती लोकांच्या हाती आली. तेव्हापासून फुकट आहे. घरघर काढण्याची तिची सोय भुरळ पाडते आणि तिथेच नवखा फसतो. घरघर फार काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ज्याँ-मार्क व्हालाँ यांचं आरएननॉइज २०१७मध्ये आलं. ते न्यूरल नेटवर्कच्या मदतीने बोलणं आणि गोंगाट वेगळा करतं, आणि खूप सफाईने करतं. तरीही रेल्वेचा हॉर्न माणसाच्याच आवाजाच्या पट्टीत वाजत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर चाचपडतं. अशा वेळी वाक्य पुन्हा म्हणणं, हाच जुना उपाय.

पाहुणा दुसऱ्या शहरात असेल, तर दोघांनी आपापल्या संगणकावर आपापला आवाज टिपायचा आणि नंतर जोडायचा, ही पद्धत रुळली आहे. इंटरनेटवरून आलेला तुटका आवाज मग वापरावाच लागत नाही. इथेही एक खोच आहे. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दशलक्षात वीस इतका किरकोळ फरक असला तरी तासाभरात तो सेकंदाच्या सात शतांशांपुढे जातो. सुरुवातीला नीट जुळलेल्या गप्पा शेवटाकडे एकमेकांच्या तोंडातला घास काढू लागतात. अनुभवी लोक म्हणून सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी वाजवतात आणि दोन्ही टाळ्या जुळवून मधला भाग ताणतात.

भागाचा शेवटचा संस्कार आवाजाच्या पातळीचा. अॅपलची शिफारस उणे १६ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं हे माप) आसपासची आहे. ती पाळली नाही, तर संध्याकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दारात उभा असलेला श्रोता आवाज कमाल करतो आणि लगेच पुढची जाहिरात त्याचे कान फाडते. बहुतेक श्रोते असेच, प्रवासात ऐकणारे. आपल्या शांत खोलीत हेडफोन लावून भाग तपासणाऱ्याला ते दिसत नाहीत.

घरच्या खोलीतून बाहेर पडल्यावर जी माणसं भेटतात तीही याच पट्ट्यातली. इलग-बॉम या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट इथल्या जुन्या तंत्रसमुदायांपैकी एक. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ शिक्षणाशी जोडली. ते फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे प्रमुखही होते. पवईत मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणणारा फॉसी प्रकल्प आहे. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून काढायचं मोठं काम त्याने विद्यार्थ्यांकडून करून घेतलं. पायथन वापरणाऱ्या शास्त्रज्ञांची सायपाय इंडिया ही परिषदही आयआयटी मुंबईत अनेकदा भरली. विक्रोळीपासून दोनच स्टेशनं दूर विद्याविहारला ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीचं ऑफिस बरीच वर्षं होतं. लहान धंद्यांचे हिशेब, साठा आणि पगार सांभाळणारं त्यांचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे आणि ते जगभर वापरलं जातं. फ्रॅपे आणि झेरोधाच्या मंडळींच्या पुढाकाराने २०२०मध्ये फॉस युनायटेड ही संस्था निघाली, आणि आता तिच्या मीटअप मुंबईसकट अनेक शहरांत होतात.

मीटअपचं स्वरूप ठरलेलं. कुणाच्या तरी ऑफिसातला हॉल, तीन-चार भाषणं, प्रोजेक्टरची केबल न जुळणं, मग खाणं. रविवारची वेळ ठरवणाऱ्याने मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचं पत्रक आधी पाहावं. भाषणांपेक्षा खाण्याच्या वेळच्या गप्पा जास्त कामाच्या असतात, आणि पॉडकास्टचे पाहुणे तिथेच सापडतात. व्यासपीठावर जो अडखळला तो दोन माणसांच्या गप्पांत फार छान बोलतो, असं पुष्कळदा होतं. बंद खोली, एक माइक आणि चुकलं तर पुन्हा म्हणायची मुभा असली की बुजरा इंजिनिअर मोकळा होतो. मराठीत बोलायची सोय असली तर आणखीच. पण तांत्रिक मराठी पॉडकास्ट अजून थोडे आहेत. ‘अमुक तमुक’सारख्या मराठी पॉडकास्टनी लांब गप्पांना श्रोते आहेत हे दाखवून दिलंय. डेटाबेस कसा चालतो यावर मराठीत तासभर बोलणारे मात्र शोधावे लागतात.

आवाज देण्याची आणखी एक वाट आहे, तिला स्टुडिओच लागत नाही. मोझिलाने २०१७मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ सुरू केलं. लोकांनी पडद्यावर आलेलं वाक्य वाचायचं, इतरांनी ते ऐकून बरोबर की चूक सांगायचं, आणि जमलेला आवाजाचा साठा सगळ्यांना खुला. मराठीही त्यात आहे. पुढे केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषा-तंत्रज्ञानाच्या उपक्रमानेही ‘भाषादान’मधून असंच आवाहन केलं. यंत्राला खऱ्या घरांतला आवाज ओळखता यायचा, तर पंखा, कुकर, रिक्षा असलेल्या नोंदीही हव्यात. स्टुडिओसाठी जे दोष, ते इथे कामाचे. मालवणी, वऱ्हाडी, आगरी वळणाने मराठी बोलणारे लोक विक्रोळीसारख्या उपनगरात एकाच मजल्यावर राहतात. त्यातल्या कितीजणांपर्यंत असं आवाहन पोचतं, हा प्रश्न समुदाय चालवणाऱ्यांचा आहे.

गप्पांचा भाग एकदा प्रसिद्ध झाला की बहुधा कुणी त्याला हात लावत नाही. शिकवणाऱ्या रेकॉर्डिंगला ती चैन नसते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२०ला संपला. तिच्यात ‘प्रिंट’पुढे कंस लागत नव्हते, तिसऱ्या आवृत्तीत ते सक्तीचे आहेत. जुन्या व्हिडिओतला आवाज ज्या ओळी लिहायला सांगतो त्या आज चालवल्या की पडद्यावर चूक दिसते. स्पोकन ट्यूटोरियलने पायथन ३.४.३साठी वेगळी मालिका केली. असं काम निघालं की क्रम पहिल्यापासून लागतो: नवी संहिता, नवा नवखा, जाणकार, इंग्रजी रेकॉर्डिंग, वेळेचा रकाना, आणि त्यानंतर मराठी डबिंगची पाळी.